भात शिजवणारा नौसैनिक

ज्या माणसाने आयुष्यात एकदाही तोफ डागली नाही, त्याला मी तोफेवर बसवलं. तेही छापून, वणीच्या एका साप्ताहिकात, माझ्या नावाच्या सदरात. आणि जे त्याचं मत नव्हतं, ते त्याचं मत म्हणून लिहिलं. दोन्ही गोष्टी मी समजून उमजून केल्या. हे आधीच सांगून टाकतो, कारण नगराळे काकांवर लिहायला बसलं की लेखणी त्यांच्या मोठेपणाकडे धावते आणि माझा हलकेपणा सोयीने मागे राहतो. काका गेले त्याला आता वर्ष होत आलं. त्यांची ओळख असल्याचा अभिमान सांगायचा, तर आधी हे सांगावंच लागेल.

देवाजी नगराळे वणीजवळच्या राजूरला, कोळसा खाणीच्या वसाहतीत राहायचे. वसाहतीत त्यांना 'जहाजवाले काका' म्हणत. आमच्या यवतमाळ जिल्ह्यातून समुद्र गाठायचा तर एक अख्खी रात्र आगगाडीत काढावी लागते. इथे बहुतेकांनी तो टीव्हीवरच पाहिलेला. मी कनिष्ठ महाविद्यालयात इतिहास शिकवतो. मीही समुद्र दोनदाच पाहिला होता, तोही शाळेच्या सहलीत, पाण्याकडे पाठ करून पोरांची डोकी मोजत. तरीही राजूरच्या बुद्धविहारातल्या वाचनालयाने बोलावलं, तेव्हा मी 'भारताचं सागरी सामर्थ्य' या विषयावर तासभर बोललो. टनभार, क्षेपणास्त्रांचा पल्ला, सगळं पाठ होतं.

व्याख्यान संपलं आणि मागच्या सतरंजीवरून एक बुटका, रुंद खांद्यांचा म्हातारा उठला. पांढरा सदरा, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, जणू आता कणीक मळायला घेणार.

"सर, जहाज बंदरातून निघते तवा त्याच्यात किती दिवसाचं पीठ असते?"

मी म्हणालो, "पुरेसं असतं."

"पुरेसं म्हंजे किती जी? पुरेसं तं माह्या घरी बी असते. पाहुणे येईपर्यंत."

सभागृह हसलं. मीही हसलो, पण कान तापले. नंतर तेच मला हाताला धरून घरी घेऊन गेले, चहा पाजला, आणि तिथे कळलं की या माणसाने पंधरा वर्षं नौदलात काढली होती. कुक म्हणून. पहाटे साडेतीनला उठून, हलत्या जमिनीवर, दोनशे माणसांच्या पोळ्या. परत आल्यावर खाणीच्या कॅन्टीनमध्ये वीसेक वर्षं. तिथल्या वरणाची चव सोमवारी आणि शनिवारी सारखीच असायची, असं जुने कामगार आजही सांगतात. "वरण बदललं का माणसाचा भरोसा जाते," हे काकांचं म्हणणं.

ते सगळं काही दिवसांत मोजायचे. कुणाचा मुलगा स्पर्धा परीक्षेसाठी पुण्याला निघाला की विचारायचे, "किती दिवसाचं पीठ भरलं?" मुलाला वाटायचं, खरंच पीठ विचारतात. आई सांगायची, "अरे, किती दिवस टिकशील ते इचारून राह्यले." नवीन सरपंच निवडून आला तरी हाच प्रश्न. तोंडावर.

राजूरच्या विहारात दर रविवारी दुपारी चारला वादसभा भरायची. ती काकांनी सुरू केली होती आणि तिचा नियमही त्यांचाच. एक विषय तीन रविवार चालायचा. पहिल्या रविवारी ॲल्युमिनियमच्या मगातून चिठ्ठी उचलायची. जी बाजू येईल ती बोलायची. दुसऱ्या रविवारी प्रत्येकाने उलटी बाजू घ्यायची. आणि तिसऱ्या रविवारी, दोन्हीकडून बोलून झाल्यावर, आपलं स्वतःचं मत सांगायचं. तोपर्यंत कुणी कुणाला 'तुझं खरं मत काय' असं विचारायचं नाही. विचारलंच तर काका म्हणायचे, "अजून शिजून राह्यलं, झाकण नको उघडू."

आणि बोलायचं तर जीव ओतून. मनाविरुद्ध बाजू आली म्हणून कुणी पडेल आवाजात बोलू लागला की काका मध्येच थांबवायचे. "अर्ध्या मनानं बोलता तं समोरच्याचं काई बिघडत नाही बापा, इषयाचं बिघडते." खाणीतले फिटर, अंगणवाडीच्या बाई, एक किराणा दुकानदार, कॉलेजची पोरं, अशी पंधरा-वीस माणसं. मी वणीहून स्कूटरवर जायचो. शहरातल्या व्याख्यानमालांत जे मिळालं नाही ते मला तिथे मिळालं, हे मी तेव्हा अभिमानाने सगळ्यांना सांगायचो. सभेचा नियम मात्र सांगायला विसरायचो.

सभेला येणाऱ्यांत शीतल आसुटकर होती. तिचे वडील मनोहर आसुटकर भूमिगत खाणीत काम करायचे. बारावी झालेली ही पोरगी दोन वर्षं काकांच्या मागे लागून सगळं विचारत होती आणि शेवटी नौदलाच्या भरतीत निवडली गेली. राजूरमधून पहिलीच मुलगी. वसाहतीत पेढे वाटले गेले. काका तिला जे शिकवायचे ते भरतीच्या कुठल्याच पुस्तकात नसावं. "उलटी होईन. होऊ दे. पन रिकाम्या पोटी उलटी नको करू, आतडं पिळून निघते. आधी दोन घास खाय, मंग खुशाल ओक." तिला अठरा पूर्ण व्हायला अजून तीन महिने होते, त्यामुळे संमतीच्या कागदावर वडिलांची सही लागणार होती. सही करायला तीन आठवडे होते. आसुटकरांचं मन मुळातच डळमळीत होतं. एकुलती एक मुलगी, आणि पाणी.

त्याच सुमारास कुठल्याशा मासिकातला लेख मी सभेत वाचून दाखवला. जगभरातली नौदलं अशा फ्रिगेट, म्हणजे मध्यम आकाराच्या युद्धनौका, बांधू लागली आहेत की ज्यांच्यावर शस्त्रं अगदी बेताची असतात. पुढे एक तोफ, काही मशीनगन, एखादं हेलिकॉप्टर, दोन वेगवान होड्या. क्षेपणास्त्रांसाठी जागा सोडलेली, पण रिकामी. पुढे कधी गरज पडली तर बसवू म्हणून. अशी जहाजं बांधावीत का? माझं मत पक्कं होतं. पैशाची आणि माणसांची नासाडी. विषय ठरला.

पहिल्या रविवारी मगातून चिठ्ठ्या निघाल्या. माझ्या वाट्याला आलं 'बांधावीत'. मी कसंबसं बोललो. काकांनी दोनदा टोकलं. काकांच्या वाट्याला आलं 'बांधू नयेत'.

ते उभे राहिले आणि पहिल्याच वाक्यात सभा ताब्यात घेतली. "कपाट घेतलं, भांडे मंग घेऊ. असं म्हणणाऱ्या घरात म्या आजवर भांडे पाह्यले नाही. ज्या जागी आज क्षेपणास्त्र नाही, त्या जागी उद्या बी नसते. तिथं कोनीतरी दोरखंड ठेवते, मंग जुन्या खुर्च्या ठेवते." मग हसू ओसरलं तसा आवाज खाली आणला. "शांततेत कागदावर लिहिलं का हे जहाज फक्त पहाऱ्याचं. पन दुश्मन तो कागद वाचत नाही. अन् लढाई आली का आपलेच लोक बी वाचत नाही. यादीत फ्रिगेट लिहिलं हाये ना? मंग धाडा. आजकाल एका मोटारगाडीच्या किमतीचं ड्रोन येते अन् जहाजावरच्या पोराइसंग शंभर घरांचा उजेड घेऊन जाते." शेवटी ते थांबले आणि म्हणाले, "मले पोरगी असती तं म्या तिले असल्या जहाजावर पाठवली नसती."

शीतल पुढच्याच ओळीत बसली होती. तिने वहीत काहीतरी लिहून घेतलं. तिला नियम माहीत होता. पुढच्या रविवारी काका हेच सगळं उलटं पाडणार, हे तिथे सगळ्यांनाच माहीत होतं.

मलाही माहीत होतं.

मी घरी आलो आणि रात्रीचं जेवण व्हायच्या आत सदर लिहून काढलं. शीर्षक दिलं 'तरंगत्या तिरड्या'. माझंच मत होतं ते, पण माझ्या मतात वजन नव्हतं. दोन सहलींत समुद्र पाहिलेल्या मास्तराचं कोण ऐकणार? काकांची वाक्यं आयती होती. मी ती अवतरणात टाकली, पोरीचं वाक्य चौकटीत घेतलं. वादसभेचा उल्लेख केला नाही. चिठ्ठीचा नाही, दुसऱ्या रविवारचा नाही. 'नौदलात पंधरा वर्षं स्वयंपाकी असलेले श्री. देवाजी नगराळे' असं लिहिलं आणि वाचून पाहिलं. स्वयंपाकी या शब्दाशी माझा हात अडला. वाटलं, इथेच वाचक हसेल. मी तो खोडला आणि लिहिलं, 'नौदलात पंधरा वर्षं तोफखान्यावर कामगिरी बजावलेले.' खरं सांगतो, लिहिताना असंही वाटलं की मी त्यांना मोठं करतोय.

गुरुवारी अंक आला. शुक्रवारी आसुटकरांनी संमतीचा कागद दुमडून कपाटात टाकला आणि शीतलला सांगितलं, "तुह्या काकानंच सांगतलं हाये. तोफेवरचा मानूस खोटं बोलते काय?"

शनिवारी काका बसने वणीला आले. माझ्या घरच्या पायरीवर चपला काढल्या, हातात अंकाची घडी. मी खुर्ची दिली. ते बसले नाहीत.

"मास्तर, हे तोफेचं काहून?"

"काका, वाचकांवर जरा वजन पडावं म्हणून."

"असं." त्यांनी घडी पुन्हा नीट केली. "अन् चिठ्ठीचं काहून नाही लिहिलं?"

"जागा कमी होती."

"बरं." ते चपला घालू लागले. "उद्या या. आसुटकरले बी बोलावलं हाये. येत नव्हता, पन पोट्टीनं आणतो म्हणलं."

त्यांनी एवढंही म्हटलं नाही की चुकलात. ते म्हणाले असते तर मी वाद घातला असता. मला वाद येतो.

दुसऱ्या रविवारी विहार भरून गेला. आसुटकर दाराशी भिंतीला टेकून उभे होते. खाणीतून वर आलेल्या माणसाच्या पापण्यांच्या कडेला काळी रेघ राहते, तशी त्यांच्या डोळ्यांना होती. शीतल त्यांच्याजवळच. काका बोलायला उठायच्या आधीच ते म्हणाले, "काका, मले दोन्ही बाजू नको. येकच सांगा. तुमी तोफेवर होते ना? पेपरात आलं."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, वर्गात उत्तर येणाऱ्या मुलाकडे मी पाहतो तसं, वाट बघत. मला फक्त उठून 'ते मी लिहिलं, ते खोटं आहे' एवढं म्हणायचं होतं. मी पंख्याकडे पाहिलं.

"नाही," काका म्हणाले. "म्या कुक होतो. तोफेवर भात शिजत नाही."

लोक हसले. आसुटकर हसले नाहीत. "मंग पेपर खोटा?"

"पेपराचं पेपरवाल्याले इचारा. म्या माह्यं सांगतो."

"भात शिजवणाऱ्याच्या भरोशावर पोट्टी धाडू?"

"भरोसा नंतर ठेवजा. आधी ऐकून तं घ्या."

आणि मग काका जे बोलले ते मी आजवर ऐकलेल्या भाषणांत सर्वांत वरचं. त्याचा मला इतका अभिमान वाटतो की माझी लाजही त्यापुढे काही क्षण गप्प बसते.

"मागच्या रविवारी म्या सांगतलं का त्या जहाजाले दात नाहीत. खरं हाये. आता हे ऐका. पंधरा वर्षांत आमच्या जहाजानं सरावाशिवाय येक गोळा टाकला नाही. मंग आमी काय करून राह्यलो होतो तिथं? उभे होतो. चोर क्षेपणास्त्रं मोजत नाही, आसुटकर. तो पाहते का पहारेकरी हाये का नाही. समुद्र इतका मोठा हाये का मोठमोठे हत्यारबंद जहाज चार घेसान तं चार जागीच पहारा, बाकी सारं मोकळं रान. अन् महागाचं जहाज अर्धा वेळ दुरुस्तीलेच उभं असते."

मग ते आपल्या प्रांतात शिरले. "जहाज माघारी कवा फिरते? गोळे संपले म्हून नाही. पीठ संपलं म्हून. पालेभाजी चार दिवस. कोबी, गाजर पंधरा. मंग आलू-कांदे, मंग डबे. पीठ संपलं का क्याप्टन कितीबी शूर असो, तोंड घराकडे. हत्यारं जास्त तं त्याइले सांभाळणारे मानसं जास्त, मानसं जास्त तं तोंडं जास्त, अन् कोठी तेवढीच. कमी हत्याराचं जहाज कमी मानसाईत दोन महिने बाहेर राहू शकते. जे जहाज तिथं हाये, ते घरी उभ्या असलेल्या दहा जहाजांपेक्षा कामाचं."

"येकदा वादळानंतर आमाले उलटलेली मच्छीमारीची होडी सापडली. तिच्या पाठीवर सात जण, दोन दिवसापासून. वर घेतलं तं तोंडात घास ठरत नव्हता. म्या भाताची पेज केली, मीठ टाकलं, अन् येकेकाले चमच्यानं पाजली. येका म्हाताऱ्यानं चमचाच धरून ठेवला, सोडेच ना. त्या दिवशी आमच्या तोफेनं काय काम केलं माहीत हाये? तिच्यावर त्याइचे कपडे वाळू घातले होते."

हसू फुटलं आणि मध्येच विरलं. आसुटकर भिंतीपासून सुटून थोडे पुढे आले.

"अन् ते पोरीचं बोलले ते? चौकटीत छापलं ते?"

"बोललो," काका म्हणाले. "चिठ्ठी आली होती, जीव लावून बोललो. पन मले पोरगी नाही. ज्याले पोरगी नाही त्यानं पोरीचं नाव घेऊन बोलाले नको होतं, कितीबी जीव लावून. तिथं म्या चुकलो. शीतल, माफ कर. आसुटकर, तुमी बी माफ करा."

एवढंच. हात जोडले, सोडले. त्यांना अर्धं मिनिट लागलं असेल. सभेला तर ते भाषणाचाच भाग वाटलं.

आसुटकरांनी शीतलकडे पाहिलं. मग म्हणाले, "पन बुडलं तं?"

"बुडू शकते. कोन नाही म्हणते?" काकांचा आवाज एकदम घरातला झाला. "तुमी रोज खाली उतरता. वरून मातीचा डोंगर असते. तुमच्या बायकोनं कवा सही देली होती काय कुठं?"

शीतल म्हणाली, "बाबा, नाही म्हणा. पण पेपर वाचून नका म्हणू."

त्याच आठवड्यात त्यांनी सही केली. ही सही काकांमुळे झाली. मी सभागृहात होतो आणि पंख्याकडे पाहत होतो, यापलीकडे माझा त्यात भाग नाही.

तिसऱ्या रविवारी मी गेलो नाही. ताप आहे असा निरोप पाठवला. पुढच्या विषयाला कॉलेजचं काम निघालं, त्याच्या पुढच्या विषयाला पाहुणे. आठ महिने मी राजूरचा रस्ता टाळला. सदर चालूच होतं. 'तरंगत्या तिरड्या'वर वाचकांची चांगली पत्रं आली होती. एकाने लिहिलं होतं की तोफखान्यावरच्या माणसाचा अनुभव म्हणजे अनुभवच. ते पत्र मी कुणाला दाखवलं नाही.

मग एक दिवस शीतलचा फोन आला. प्रशिक्षण पूर्ण करून सुट्टीवर आली होती. विहारात तिचा सत्कार आणि सगळ्यांचं जेवण होतं. "सर, तुम्ही याच. काका स्वयंपाक करून राह्यले, शंभर माणसाचा. ते म्हणाले, मास्तरले सांगजो लवकर या म्हणाव, वाटाणे सोलाले मानूस पाहिजे."

मी सकाळी नऊला पोहोचलो. विहारामागे टिनाच्या शेडखाली चुली मांडल्या होत्या. काका वाळले होते. सदरा खांद्यावरून उतरत होता. दोन बाया पोळ्या लाटत होत्या आणि काका मोठ्या गंजाशी, पातेल्याशी उभे. त्यांनी परातीकडे बोट दाखवलं. मी बसलो, वाटाणे सोलू लागलो. पाच मिनिटं आम्ही त्यावरच बोललो, म्हणजे यंदा वाटाणा महाग आहे वगैरे. मग मी विचारलं, "काका, तिसऱ्या रविवारी तुम्ही काय मत दिलं होतं?"

"आता पुसता? आठ महिन्यानं?" ते हसले. "बांधावं म्हणलं. पन पाठवणाऱ्यानं इसरू नये का आपन काय बांधलं. पहाऱ्याचं जहाज पहाऱ्याले. लढाईत टाकाचं तं आधी ते रिकामे खण भरा. जहाजाचा दोष कमीच असते मास्तर, त्याच्यावर वेगळंच नाव लिहिणाऱ्याचा जास्त."

हे वाक्य माझ्यासाठी होतं की नाही, कळलं नाही. मी खिशातून कागद काढला. आदल्या दिवशी सदरासाठी लिहिला होता. "काका, हे छापणार आहे. ऐका. 'सदर लेखात अनवधानाने काही तपशील—'"

"अनवधान म्हंजे?"

"लक्ष नसताना."

"लक्ष नव्हतं तुमचं?"

"होतं."

"मंग काटा."

मी खोडलं. "'काही तपशील सदोष छापले गेले, त्यामुळे कुणाच्या भावना दुखावल्या असल्यास—'"

"छापले गेले म्हंजे कसे? आपोआप?" ते गंजात उलथनं फिरवत होते, माझ्याकडे पाहत नव्हते. "अन् असल्यास काहून? इचारून पाहा ना, समोरच उभा हाये."

मी तेही खोडलं. "'त्याबद्दल खेद वाटतो.'"

"वाटते तं घरी वाटू द्या." पोळ्या लाटणाऱ्या बाया हसल्या. काका हसले नाहीत. त्यांनी उलथनं गंजाच्या काठावर टेकवलं आणि पहिल्यांदा माझ्याकडे वळले.

"मास्तर, तुमाले येक सांगतो. आमचं मूळ गाव केळापूरकडचं. माह्या बापाच्या हातचं पाणी गावात कोनी पेत नव्हतं. विहिरीवर दोर बी त्याचा येगळा. दीक्षा घेऊन आला तरी गावाचं तेच. अन् त्याच्या पोराच्या हातचं दोनशे जण रोज जेवत होते. क्याप्टन बी. सारे जातीचे, सारे प्रांताचे, ताट घेऊन रांगेत. बाप येकदा मुंबईले आला होता, जहाज पाहाले. म्या त्याले गॅलीत नेलं, रसोईत. तो रांगेकडे पाहत राह्यला. घरी येऊन आईले म्हणे, आपल्या देवाजीच्या हातचं सारे खातात. तोफ तं त्यानं पाह्यली बी नाही." ते थांबले. "ते तुमी काटलं. काहून? भाताची लाज वाटली काय तुमाले?"

माझ्या आजोबांच्या अंगणात कोनाड्यात वेगळी कपबशी असायची. ती कुणासाठी, हे मी लहानपणी विचारलं नव्हतं, आणि मोठेपणी विचारायची गरज उरली नव्हती. हातातल्या कागदावर खोडून खोडून एकही शब्द उरला नव्हता.

"हो काका," मी म्हणालो. "वाटली."

त्यांनी मान हलवली, जणू एखाद्या जिनसेचं नीट माप मिळालं. "आता तुमचा कागद साफ झाला. जेवाच्या आधी सभेत बोला. लंबं नको, भात थंडा होइन."

दुपारी विहारात शीतलचा सत्कार झाला. आसुटकर पहिल्या ओळीत नवा शर्ट घालून बसले होते. काका शेडमधून हात पुसत येऊन दाराशी उभे राहिले. मी माइक घेतला. जे बोललो तेच पुढच्या गुरुवारी सदरात, त्याच जागी, एकही शब्द न बदलता छापून घेतलं:

"आठ महिन्यांपूर्वी माझ्या सदरात मी लिहिलं की देवाजी नगराळे नौदलात तोफखान्यावर होते. हे खोटं आहे आणि ते मी जाणून लिहिलं. ते कुक होते. कुकच्या शब्दाला वजन नाही असं मला वाटलं, म्हणून त्यांचं काम मी खोडलं. त्या लेखातलं मत त्यांचं नव्हतं, माझं होतं. वादसभेत त्यांच्या वाट्याला आलेली बाजू मी त्यांचं मत म्हणून छापली. त्यामुळे शीतलचं जाणं थांबणार होतं. दुसऱ्या रविवारी इथे, या सभागृहात, मनोहर आसुटकरांनी विचारलं तेव्हा मला उत्तर माहीत होतं आणि मी गप्प बसलो. शीतल, मी चुकलो. आसुटकर, तुमच्याशी मी चुकलो. नगराळे काका, पंधरा वर्षं तुमच्या हातचं एक अख्खं जहाज जेवलं, आणि मला त्याची लाज वाटली. मला माफ करा."